जोडीदार कोणी निवडायचा?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार जाहीर करतो, तेव्हा काही दिवस तिथल्या वाहिन्यांना दुसरा विषय नसतो. ही निवड उमेदवारानेच करायची हे आता इतकं अंगवळणी पडलंय, की तसं घटनेतच लिहिलं असेल असं वाटावं. घटनेत त्याचा उल्लेखही नाही.

1787 च्या मूळ घटनेत जोडी ही कल्पनाच नव्हती. राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकाने दोन मतं द्यायची. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. पक्ष उभे राहिले आणि हा सगळा बेत फसला. 1796 मध्ये जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफर्सन त्यांच्याच हाताखाली उपाध्यक्ष. 1800 मध्ये तर जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी 73 मतं पडली. बर काही मागे हटेनात. प्रतिनिधिगृहात 36 वेळा मतदान झालं, तेव्हा कुठे जेफर्सन निवडून आले. 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली.

आता जोड्या लावता येऊ लागल्या, पण लावायचे पक्षाचे पुढारी. उत्तरेचा अध्यक्ष तर दक्षिणेचा उपाध्यक्ष, किंवा नाराज गटाची समजूत, असा तो हिशेब. कधी तर नकोशा माणसाची बोळवण. न्यूयॉर्कचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट डोईजड झाले, म्हणून 1900 मध्ये तिथले पुढारी थॉमस प्लॅट यांनी त्यांना उपाध्यक्षपदाकडे ढकललं. पुढच्याच वर्षी अध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि ब्याद टळण्याऐवजी अध्यक्ष होऊन बसली!

पुढाऱ्यांची ही मक्तेदारी मोडली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. त्यांचे पहिले उपाध्यक्ष, टेक्सासचे जॉन नान्स गार्नर, 1932 च्या सौद्यातून आले होते आणि पुढे उघड विरोधात गेले. 1940 मध्ये रूझवेल्ट यांनी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांचं नाव पुढे केलं. वॉलेस पूर्वी रिपब्लिकन. शिकागोच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी गोंधळ घातला. वॉलेस नसतील तर मीही उभा राहत नाही, अशी रूझवेल्ट यांची तयारी होती. नकाराचं भाषणही लिहून ठेवलेलं. एलिनॉर रूझवेल्ट स्वतः अधिवेशनात बोलायला गेल्या, आणि वॉलेस कसेबसे तरले. चारच वर्षांनी पुढाऱ्यांनी उट्टं काढलं: वॉलेस गेले, ट्रुमन आले, आणि उपाध्यक्षपदाच्या 82 दिवसांतच अध्यक्ष झाले. पण पायंडा मात्र पडला होता.

निवड हाती आली, तरी ती कशी करायची हे कुणाला ठाऊक होतं? 1972 मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांना एकामागून एक नकार मिळत गेले. अखेरच्या घाईत त्यांनी सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन केला आणि दोन-चार वाक्यांत ठरवून टाकलं. काही दिवसांतच बाहेर आलं, की ईगलटन यांना नैराश्यासाठी रुग्णालयात ठेवावं लागलं होतं आणि विजेचे झटकेही दिले होते. मॅकगव्हर्न यांनी आधी हजार टक्के पाठिंबा जाहीर केला आणि मग माघार घेतली. माझ्या मते त्यांना आजारापेक्षा हे कोलांटउडी घेणं जास्त महागात पडलं. हरणार ते बहुधा होतेच. पण 49 राज्यं हातची गेली. त्याच धड्यावरून 1976 मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांना प्लेन्सला घरी बोलावून मुलाखती घेतल्या आणि वॉल्टर माँडेल यांना निवडलं. आज उमेदवारांचे कर, आजार आणि जुनी भाषणं तपासणारी वकिलांची फौज असते, ती तेव्हापासूनची.

एवढा खटाटोप मतांसाठी करावा, तर मतं क्वचितच मिळतात. 1960 मध्ये केनेडींना जॉन्सन यांचं टेक्सास मिळालं, हे उदाहरण सगळे देतात. पण 1988 मध्ये बेन्टसन यांचं टेक्सास, 2004 मध्ये एडवर्ड्स यांचं उत्तर कॅरोलिना आणि 2012 मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन विरोधकांकडे गेलं. मुदत संपण्याआधी अध्यक्षपद रिकामं होऊन मात्र आजवर नऊ उपाध्यक्ष त्या खुर्चीवर बसले. त्यांतले शेवटचे जेराल्ड फोर्ड तर कुणाचे निवडणुकीतले जोडीदारही नव्हते. उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर 1973 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी फोर्ड यांना नेमलं होतं.