उशीर आणि इजा यांच्यातला दुवा

निदानाला उशीर झाला, एवढे सिद्ध करून वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा जिंकता येत नाही. उशीर झाला नसता तर इजा टळली असती, हेही दाखवावे लागते. आपल्या न्यायदर्शनात या कसोटीला ‘व्यतिरेक’ म्हणतात: कारण नसेल तर कार्यही नसावे.

कोर्टातले तिचे आजचे रूप मात्र इंग्लंडमध्ये घडले. १ जानेवारी १९६६ रोजी चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागलेले तीन पहारेकरी चेल्सीच्या रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी न तपासताच त्यांना परत पाठवले आणि त्याच दिवशी एकजण दगावला. चहात आर्सेनिक होते. कोर्टाने निष्काळजीपणा मान्य केला. पण वेळेत तपासले असते तरी उपचार लागू पडण्याआधीच मृत्यू आला असता, म्हणून विधवेचा दावा फेटाळला. १९८७ मध्ये हॉटसन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच धागा पुढे नेला. एका मुलाच्या खुब्याच्या दुखापतीचे निदान पाच दिवस उशिरा झाले होते. तत्काळ उपचारानेही बरे होण्याची शक्यता २५ टक्केच होती. ती गमावल्याबद्दल मुलाला भरपाई नाकारली. हा निकष निष्ठुर आहे, कारण ज्याची आशा मुळातच कमी, त्याच्या बाबतीतला उशीर बिनभरपाईचा राहतो.

चेन्नईत दुवा जुळला. एग्मोरच्या सरकारी स्त्री व बाल रुग्णालयात ऑगस्ट १९९६ मध्ये २९ व्या आठवड्यात १,२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. अशा बाळांच्या दृष्टिपटलात विकृत रक्तवाहिन्या वाढू शकतात. हा आजार जन्मानंतर आठवड्यांच्या हिशोबाने पुढे सरकतो. सुरुवातीला लेझर किंवा शीतोपचाराने तो बहुधा थोपवता येतो, पटल सुटल्यावर दृष्टी क्वचितच परतते. नेमक्या त्या आठवड्यांत बाळ रुग्णालयात किंवा त्याच्या देखरेखीखाली होते, तरी डोळे तपासले गेले नाहीत. साडेचार महिन्यांनी आजार कळला, तेव्हा मुलगी अंध झाली होती. आजाराचे वेळापत्रकच पुरावा ठरले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००९ मध्ये पाच लाख दिले होते. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. खेहर आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे यांच्या खंडपीठाने भरपाई सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यातही दाद मागता येते. त्यामुळे चेन्नईजवळच्या आवडी शहरातल्या एखाद्या कुटुंबाला तिरुवळ्ळूर जिल्हा आयोगाकडे जाता येते, मुदत साधारण दोन वर्षांची. तिथेही तारखा असलेली केसपेपरची पाने आणि डिस्चार्ज कार्डच आधी मागितले जाते.