लिंबूटिंबूंचं रग्बी

मागचे दोन भाग जरा जड झाले, असं तुमच्यापैकी काहींनी कळवलं. मान्य. म्हणून आज तह नाहीत, लढाया नाहीत. आज खेळाची गोष्ट. आणि खरं सांगायचं तर हा भाग मी एका घरगुती प्रश्नामुळे करतेय.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात असते, डेव्हनमध्ये, एक्सेटरजवळ. तिचा मुलगा सात वर्षांचा. दर रविवारी सकाळी तो रग्बी खेळायला जातो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोनवरच ओरडले होते. रग्बी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? चिखल, कानाला पट्ट्या बांधलेले बैलासारखे गडी आणि एकाच्या अंगावर पडलेले पंधरा जण. आणि हा पोरगा तर जेमतेम वीस-बावीस किलोचा!

मग मी तिकडे गेले आणि प्रत्यक्ष पाहिलं. दहा अंश तापमानात हाफपँट घातलेली बारकी मुलं-मुली. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन रंगीत फिती, व्हेल्क्रोनं चिकटवलेल्या. एकाच्या हातात चेंडू, बाकीचे त्याच्या मागे. त्याला पाडायचं नाही, ढकलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. फक्त फीत ओढायची. फर्रकन आवाज येतो, ओढणारा फीत वर धरून "टॅग!" म्हणून ओरडतो आणि चेंडूवाल्याला तीन पावलं, तीन सेकंदांच्या आत चेंडू पास करावा लागतो. तोही मागे किंवा बाजूला, कारण शेवटी रग्बीच आहे. पुढे पास केला तर चूक.

बाकीचे नियम भाच्यानं मला घरी येताना गाडीत शिकवले. शर्ट खोचलेलाच पाहिजे, नाहीतर फीत झाकली जाते. हातानं फीत लपवायची नाही, समोरच्याचा हात झटकायचा नाही. चेंडूला लाथ मारायची नाही. जमिनीवर पडलेल्या चेंडूवर झोपायचं नाही. ट्राय करतानासुद्धा उडी मारायची नाही, पायावर उभं राहूनच चेंडू टेकवायचा. एका संघाच्या ठरावीक वेळा फिती गेल्या की चेंडू समोरच्यांना.

आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा: ज्यानं फीत ओढली त्यानं ती ज्याची त्याला परत नेऊन द्यायची. दिल्याशिवाय पुन्हा खेळात यायचं नाही. फेकायची नाही, हातात द्यायची. आणि ज्याची गेली त्यानंही ती पट्ट्याला लावल्याशिवाय खेळायचं नाही. त्यामुळे मैदानावर सतत हे दृश्य दिसतं: आत्ताच ज्याला पकडलं, त्याच्याकडेच धावत जाऊन "ही घे तुझी" म्हणणारी मुलं.

आपल्याकडे ज्यांनी गल्लीत शिवाशिवी, विषामृत खेळलंय त्यांना यात नवीन काय वाटणार? हात लागला की राज्य! पण आपल्याकडे आणखी एक गोष्ट होती. लिंबूटिंबू. मोठ्या मुलांच्या खेळात धाकटं भावंडं घुसलं की त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. तो पळणार, ओरडणार, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. खेळ मोठ्यांचाच, लहानाला त्यात सवलत. तर माझा आजचा मुद्दा असा, की रग्बीला लहान मुलांसाठी सवलतीऐवजी वेगळा खेळ करायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. ती का लागली, ते बघू.

सुरुवात रग्बी नावाच्या गावातल्या शाळेपासून. विल्यम वेब एलिस नावाच्या मुलानं 1823 मध्ये चेंडू हातात घेऊन धूम ठोकली आणि खेळ जन्मला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. छान आहे, पण ती त्याच्या मृत्यूनंतर पसरली आणि तिला पुरावा असा नाही. पक्की तारीख आहे 1845 ची. त्या वर्षी शाळेतल्या तीन मोठ्या विद्यार्थ्यांनी खेळाचे 37 नियम लिहून काढले. हे नियम मुलांनीच लिहिले, शिक्षकांनी नाही. आणि मुलांनी लिहिलेल्या नियमांत काय होतं? समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी! त्याला हॅकिंग म्हणत. फक्त टाचेनं मारायची नाही आणि गुडघ्याच्या वर मारायची नाही. बुटाला बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नकोत, हाही एक नियम होता. असा नियम लिहावा लागला यावरून तुम्हीच काय ते समजा.

मग या खेळात शाळेतली लहान मुलं कुठे होती? गोलमध्ये. मोठी मुलं मैदानात भिडायची आणि धाकट्यांची गर्दीच्या गर्दी गोल राखायला उभी करायची. टॉमस ह्यूज हे त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांच्या 1857 च्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत टॉम शाळेत आल्याच्या पहिल्याच दिवशी चेंडूवर झेप घेतो आणि मोठ्या मुलांच्या ढिगाखाली चेंगरतो. बाहेर काढल्यावर हाडंबिडं मोडलीत का ते तपासतात आणि त्याचं कौतुक होतं. म्हणजे लिंबूटिंबू होता, पण सवलतीशिवायचा.

आता 1863. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये वेगवेगळ्या क्लबांची माणसं एकत्र बसली, फुटबॉलचे सगळ्यांना चालतील असे नियम करायला. गाडी अडली दोन मुद्द्यांवर: चेंडू हातात घेऊन पळायचं का, आणि लाथा मारायच्या का. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्बेल म्हणाले, लाथा काढून टाकल्या तर खेळातलं धैर्य आणि जिगरच संपेल, मग मी फ्रेंच माणसं आणतो, आठवड्याभराच्या सरावात ती तुम्हाला हरवतील. (फ्रेंचांनी पुढे रग्बीत इंग्लंडला किती वेळा रडवलं, हे कॅम्बेलना कळायला हवं होतं.) डिसेंबरमध्ये ब्लॅकहीथ बाहेर पडला. फुटबॉलची एक वाट तिकडे गेली, दुसरी इकडे.

पण गंमत पुढेच आहे. 26 जानेवारी 1871 ला 21 क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली, ब्लॅकहीथही त्यात होता, आणि या युनियनच्या पहिल्याच नियमावलीत हॅकिंगवर बंदी आली! ज्या लाथेसाठी घर सोडलं, ती आठ वर्षांत गेली. खेळ मेला का? नाही. त्याच काळात तो आपल्याकडेही आला. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला, क्लब निघाला, तो बुडाला तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून चषक बनवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. तो एक वेगळा भाग होईल, कधीतरी करू.

मला यात एक गोष्ट परत परत दिसते. रग्बीतून काहीही काढायचं म्हटलं की ओरड होते, "आता यात राम नाही राहिला." आणि वीस वर्षांनी ती काढलेली गोष्ट होती हेही कुणाला आठवत नाही.

मुलांसाठी पहिला मोठा बदल 1970 च्या दशकात आला, मिनी रग्बी. पंधराऐवजी नऊ खेळाडू, छोटं मैदान, छोटा स्क्रम. चांगलं पाऊल होतं, पण टॅकल तसाच होता. मोठ्यांचं पातेलं काढून लहान पातेल्यात तोच रस्सा, तिखटही तेवढंच.

दरम्यान दुसऱ्या टोकाला, सिडनीत, 1960 च्या दशकात रग्बी लीगचे खेळाडू सरावासाठी नुसता हात लावून खेळत होते. 1968 मध्ये त्याचा रीतसर क्लब झाला आणि टच फुटबॉल हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. पण स्पर्शावर चालणाऱ्या खेळात एक जुनं दुखणं असतं, ते तुम्हाला गल्लीपासून माहीत आहे. "लागला!" "नाही लागला!" "लागला रे!" "टाइमप्लीज!" सहा वर्षांची बारा मुलं आणि एक रेफरी, यात स्पर्शाचा निवाडा करणं म्हणजे कोर्टकचेरीच.

त्याचं उत्तर आलं जिब्राल्टरमधून. तिथे मैदान खडकासारखं कडक, पडलं तर कातडं सोलवटणार. म्हणून तिथल्या ब्रिटिश सैनिकांनी कमरेला कापडाचे तुकडे खोचून रग्बी खेळायला सुरुवात केली. पाडायचं नाही, तुकडा ओढायचा. नौदलातल्या एका निवृत्त माणसानं ही गोष्ट डेव्हनमधल्या निक लेनर्ड या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना सांगितली. लेनर्ड यांनी कापडाच्या तुकड्याच्या जागी पट्टा आणि व्हेल्क्रोच्या फिती आणल्या, मुलांना झेपतील असे नियम लिहिले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हनमध्येच मुलांचे सामने भरवले. पुढे ते एक्सेटर विद्यापीठात शिकवत. माझी बहीण त्या गावाजवळ राहते आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतंच.

व्हेल्क्रोचं महत्त्व मला नंतर लक्षात आलं. जॉर्ज दे मेस्त्राल हे स्विस अभियंते. कुत्र्याला रानात फिरवून आणल्यावर त्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यावरून ही युक्ती शोधली. पण या खेळात तिचं काम चिकटण्याचं नाही, सुटण्याचं आहे. फर्रकन आवाज झाला, फीत हातात आली. लागला-नाही लागला हा वादच मिटला.

आजचे नियम साधारण 2010 नंतर पुन्हा घासूनपुसून केलेले आहेत. सात वर्षांखालची मुलं चारास चार, मैदान 20 बाय 12 मीटर, म्हणजे आपल्या खो-खोच्या मैदानापेक्षाही लहान. आठ वर्षांखालची सहास सहा. कारण उघड आहे. जास्त मुलं असली की एखादं दांडगं पोर चेंडू घेऊन पळतं आणि बाकीची थंडीत कुडकुडत बघत बसतात. आणि मग नऊ वर्षांखालच्या गटात, सातास सात, टॅकल सुरू होतो.

आणि इथेच आमच्या घरचा प्रश्न येतो. बहीण म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी हे पट्टे जाणार गं. खेळू देऊ का नको?"

मी इतिहास वाचणारी बाई, डॉक्टर नाही. पण वाचलेलं सांगते. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या सामन्यात डोक्याला लागूनही खेळत राहिलेला 14 वर्षांचा मुलगा दगावला. 2016 मध्ये सत्तरहून जास्त डॉक्टर आणि अभ्यासकांनी सरकारला खुलं पत्र लिहिलं: शाळांमधल्या रग्बीतून टॅकल काढा. त्यात पुढे होत्या प्राध्यापक ॲलिसन पोलॉक. त्यांच्या स्वतःच्या मुलाला या खेळात नाक, पाय आणि गालाचं हाड अशा तीन दुखापती झाल्या होत्या. सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती मागणी मानली नाही. मग 2020 च्या डिसेंबरमध्ये स्टीव्ह थॉम्पसन बोलले. 2003 चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला हा खेळाडू, वय बेचाळीस, स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं. तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवतच नाही, असं त्यांनी सांगितलं. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दुसरी बाजूही पोकळ नाही. त्यांचं म्हणणं, टॅकल लहानपणीच शिकवा. आठव्या वर्षी अंगात वजन नसतं, वेग नसतो, तेव्हा डोकं कुठे ठेवायचं ते शिकलं तर शिकलं. चौदाव्या वर्षी एकदम भिडायला गेलात तर जास्त लागेल. कबड्डीत पकड शिकवणारे आपले मास्तरही हेच म्हणतील. मला यातली अडचण एवढीच दिसते, की प्रत्येक मूल पुढे जाऊन भिडणारच आहे असं यात आधीच धरलेलं असतं. फिती लावून खेळणं ही त्यांच्या लेखी नुसती पायरी आहे. पायरीवर बसायचं नसतं! पण ऑस्ट्रेलियात आणि आयर्लंडमध्ये मोठी माणसं संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर हाच फितींचा खेळ खेळतात, आनंदानं. 2023 मध्ये तर इंग्लंडच्या क्लब रग्बीत टॅकलची उंचीच खाली आणली, छातीच्या हाडाच्या खालपर्यंत. ओरड झालीच, "आता यात राम नाही."

बहिणीला मी काय सांगितलं? मी म्हटलं, त्यालाच विचार. तिनं विचारलं. तो म्हणाला, टॅकल केल्यावर समोरच्याला परत काय द्यायचं असतं?

तिनं अजून फॉर्म भरलेला नाही. फ्रिजवर चुंबकाखाली आहे, मुदत महिनाअखेरपर्यंत.

पुढच्या भागात भेटू.