झू घराण्याचा कोपरा आणि आमच्या घरचं सूत

२०१९ च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे शांघायला महिनाभर होते. त्या मुक्कामातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण राहून जात होतं. आज लिहिते.

एका शनिवारी सूनबाई म्हणाली, "आई, उंच इमारती पुष्कळ बघून झाल्या, आज तुम्हाला जुनं गाव दाखवते." ती, दहा वर्षांची नात आणि मी अशा तिघी निघालो. गावाचं नाव झुजियाजियाव. (नीट उच्चारायला मला परतीचा प्रवास उजाडला!) अर्थ सोपा आहे, झू घराण्याचा कोपरा. शांघायच्या पश्चिमेला आहे. २०१७ च्या डिसेंबरपासून मेट्रो थेट तिथवर जाते.

गावात रस्त्यांइतकंच महत्त्व पाण्याला. घरांच्या पायऱ्या सरळ कालव्यात उतरतात, आपल्याकडे नदीच्या घाटाच्या असतात तशा. नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने नाव हाकतो. गल्ल्या इतक्या अरुंद की वर बघितलं तर आभाळाची नुसती पट्टी दिसते. दुकानांत पानात बांधून उकडलेला चिकट भात आणि वाळवलेले हिरवे सोयाबीनचे दाणे विकायला होते. दाणे मला फार आवडले, पिशवीभर घेतले.

गावातला मोठा पूल पाच कमानींचा, दगडी, सुमारे सत्तर मीटर लांब. तो १५७१ साली एका बौद्ध भिक्षूच्या पुढाकाराने बांधला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधून काढला. १५७१ म्हटल्याबरोबर माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. राक्षसतागडीची लढाई १५६५ ची, म्हणजे विजयनगर पडल्यावर सहाच वर्षांनी इथे हा पूल उभा राहात होता. पुलाच्या नावाचा अर्थ 'जीव सोडून देण्याचा पूल'. पुलाजवळ पिशवीत पाणी भरून छोटे मासे विकतात, ते विकत घ्यायचे आणि पुण्य म्हणून नदीत सोडायचे. नातीने एक सोडला.

एवढ्या लहान गावात इतका मोठा पूल कशाला? तर हे गाव लहान नव्हतंच मुळी. मिंग राजवटीत इथे हातमागाच्या सुती कापडाची मोठी पेठ होती, पुढे तांदळाची झाली. हा सगळा मुलूखच कापसाचा. तेराव्या शतकात ह्वांग दाओपो नावाच्या बाईने दक्षिणेतल्या हाइनान बेटावरून कताई-विणाईची विद्या इकडे आणली, असं सांगतात. पायाने चालणारा, एका वेळी तीन धागे काढणारा चरखा तिच्या नावावर आहे. गावोगावच्या बायका घरी सूत काढायच्या, कापड विणायच्या, आणि ते ह्याच कालव्यांतून बाहेर जायचं.

एका निळ्या छापाच्या कापडाच्या दुकानात एक आजीबाई तसला चरखा चालवून दाखवत होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. भाषा येत नव्हती, पण मी बोटाने धागा धरायची खूण केली तशा हसल्या आणि मला शेजारी बसवून घेतलं. नातीने विचारलं, "आजी, मग हे बंद का झालं?"

मी तोंडपाठ उत्तर दिलं, "इंग्रजांच्या गिरण्यांचा स्वस्त माल आला ना, म्हणून."

पस्तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं होतं. मँचेस्टरच्या कापडाने आपला विणकर कसा बुडाला, ते सांगताना माझा आवाज चढायचा. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर अर्धंच वाटायला लागलं. परत आल्यावर ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली, तेव्हा उरलेलं अर्धं सापडलं.

मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या भराभर वाढल्या. त्या सूत काढायच्या ते बरंचसं चीनला पाठवण्यासाठी! १८८० नंतर मुंबईच्या जाड्याभरड्या सुताने चीनच्या बाजारातून इंग्रजी सूतसुद्धा मागे हटवलं. तिथल्या विणकराला ते परवडायचं, त्याचा माग चालू राहिला. बंद पडला तो चरखा, म्हणजे घरोघरच्या बायकांची कमाई. ह्या शांघायच्या भागात तो जरा जास्त टिकला, पण पुढे शांघायातच गिरण्या निघाल्या. म्हणजे एकट्या मुंबईने चरखा संपवला असं नाही. पण हातभार आपलाही होता, आणि तो आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे नव्हता.

ह्यात आमचं घर कुठे येतं, ते नातेवाइकांना ठाऊक आहे. माझे पणजोबा १८९० च्या सुमारास रत्नागिरीहून बोटीने मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत सूत कातायच्या खात्यात लागले. मग आजोबा, मग आमचे दादा. तीन पिढ्या त्या सुतावर जेवल्या. पणजोबांनी काढलेल्या सुताचे गठ्ठे चीनच्या बंदरात उतरले असतील. ते कुणाच्या पोटावर पाय देतंय हे त्यांना कुठून कळणार! ते स्वतः बारा-चौदा तास उभे होते.

पुढे पारडं फिरलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कामगार गावी पळाले. चीनच्या बाजारात जपानी सूत शिरलं, आणि गंमत अशी की ते बऱ्याच अंशी हिंदुस्थानातल्याच कापसाचं होतं. शेवटी १९८२ चा संप. दादा गेटवरून परत आले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यांच्या गिरणीच्या जागी आज मॉल आहे.

झुजियाजियावला निदान चरखा दाखवायला तरी ठेवलाय. शांघाय-नानजिंग रेल्वे १९०८ साली पुरी झाली, ती ह्या गावावरून गेली नाही. पुढे व्यापार रेल्वे-रस्त्यांकडे गेला, गाव मागे पडलं, आणि मागे पडलं म्हणूनच बरंचसं तसंच राहिलं. आमच्या गिरणगावची जमीन सोन्याच्या भावाची निघाली, तिला कोण तसंच ठेवणार?

नातीला फोनवर हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्या आजींना आपण सॉरी म्हणायचं का?" मला उत्तर सुचलं नाही. पण आता कुणी पोर इतिहास विचारायला आलं, तर मँचेस्टरचा धडा झाल्यावर मी मुंबईचा धडाही सांगते.

त्या आजीबाईंनी दिलेली सुताची छोटी लड माझ्या टेबलावर आहे. पणजोबांचा एकही कागद मात्र आमच्याकडे नाही. भावकीपैकी कुणाच्या ट्रंकेत त्यांचं पगाराचं पाकीट, पास, काहीही असेल, तर कृपा करून कळवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं आहे.