बिने-कामत कसोटी : बुद्धिगुणांकाचा आकडा आणि मुलाची भाषा

बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत बुद्धिमापनाचे एक प्रकरण हमखास असते. त्यात फ्रान्सचे आल्फ्रेड बिने येतात, अमेरिकेचे टर्मन येतात, बुद्धिगुणांकाचे सूत्र येते आणि शेवटी 'भारतात कामत यांनी या कसोटीचे रूपांतर केले' अशी एक ओळ येते. विद्यार्थी ती पाठ करून पुढे जातात, आपणही जातो. प्रस्तुत लेख या एका ओळीविषयी आहे. या रूपांतराच्या इतिहासात उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा आहेत, आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यावर कित्येक मुलांची वर्गवारी झालेली आहे.

बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये पहिली कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या, वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार मांडले गेले आणि 'मानसिक वय' ही कल्पना आली. १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याचे सुचविले. १९१६ मध्ये टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले व श्रेण्या आखल्या : ९० ते ११० सामान्य, ७० ते ८० सीमारेषेवर, ७० खाली मंदबुद्धी. मदतीसाठी काढलेली मोजपट्टी अशा रीतीने अवघ्या अकरा वर्षांत माणसांचे कप्पे पाडू लागली.

आपल्याकडे ती प्रथम आली लाहोरला. फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२ च्या सुमारास 'हिंदुस्तानी' रूपांतर हाती घेतले. ते १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. राइस यांची पद्धत गुणांची होती, वयाची नव्हती. मुलाला मिळालेल्या एकूण गुणांची त्याच्या वयाच्या मुलांच्या सरासरीशी तुलना करायची. परंतु या ग्रंथाच्या उपशीर्षकातच पंजाबातील काही जातिसमूहांच्या बुद्धीच्या तुलनेचा उल्लेख आहे. मोजपट्टी तयार होत असतानाच तिने कोणाकोणाला मोजायचे हे ठरले होते, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांचे काम त्यानंतरचे. धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होते. गावात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा चालत. कामतांनी दोन्ही भाषांत कसोटी बसविली, तेथील मुलांवर तिचे प्रमाणीकरण केले आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. या कसोटीला 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती' असे नाव होते. ते मला फार प्रामाणिक वाटते. ही मानके कोठल्या मुलांची आहेत हे त्या नावातच सांगितलेले आहे.

गणित सोपे आहे. लहान वयोगटांत प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. समजा आठ वर्षांच्या, म्हणजे ९६ महिन्यांच्या मुलाने सातव्या वर्षापर्यंतचे सर्व प्रश्न सोडविले (८४ महिने), आठव्यातील तीन (६ महिने) आणि नवव्यातील एक (२ महिने). मानसिक वय झाले ९२ महिने. ९२ भागिले ९६ गुणिले १००, म्हणजे सुमारे ९६.

अडचण आहे ती या आकड्याला अचल मानण्यात. स्पिअरमन यांनी १९०४ पासूनच दाखविले होते की प्रत्येक गुणात खरा गुण आणि त्रुटी दोन्ही मिसळलेली असतात. प्रमाण विचलन १६ आणि विश्वसनीयता ०.९० धरली, तरी मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे ५ येते. म्हणजे ज्याला ६८ मिळाले त्याचा खरा गुण साधारणतः ५८ ते ७८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. ७० ची रेषा बरोबर त्याच्या मधून जाते!

ही झाली योगायोगाची त्रुटी. भाषेची त्रुटी निराळी. काही वर्षांपूर्वी भोपाळमधील एका शिक्षिकेने उर्दूभाषक घरातील नऊ वर्षांच्या मुलाचा अहवाल माझ्याकडे आणला. चाचणी हिंदीत झाली होती, आकडा ६८. दोन वस्तूंमधील भेद सांगा, असे प्रश्न बिने यांच्या परंपरेत असतातच. परीक्षकांनी विचारले होते, 'इनमें क्या अंतर है?' मुलगा गप्प राहिला. मी त्याच धर्तीवर दुसऱ्या दोन वस्तू घेऊन 'फ़र्क़' विचारला, तेव्हा त्याने तीन भेद सांगितले. गंमत अशी की आपल्या शहरातील मराठी घरातले मूलही येथे अडखळले असते. मराठीत 'अंतर' म्हणजे दोन गावांमधले. वस्तूंमध्ये असतो तो 'फरक'. अरबीतून आलेला एकच शब्द या दोन्ही मुलांना तारतो.

याउलट दिशेने काम करणारी तिसरी त्रुटी काळाची आहे. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आणि १९८७ मध्ये चौदा देशांतील आकडेवारीवरून दाखविले की पिढीगणिक गुण वाढत जातात; अमेरिकेत ही वाढ दशकाला सुमारे तीन गुणांची होती. तोच वेग आपल्याकडे जसाच्या तसा धरता येणार नाही. परंतु मानके जितकी जुनी तितका गुण फुगलेला, हे तत्त्व लागू पडतेच. कामतांची कसोटी या शतकातही अनेक चिकित्सालयांत वापरली गेली. तेव्हा ज्या मुलाला खरोखर सवलतीची व प्रमाणपत्राची गरज होती, त्याचा गुण जुन्या मानकांमुळे रेषेच्या वर गेला असण्याची शक्यता राहते. परक्या भाषेमुळे एक मूल खाली जाते, जुन्या मानकांमुळे दुसरे वर जाते. सरासरीत या चुका एकमेकींना खोडतीलही. मुलांच्या आयुष्यात खोडत नाहीत.

आपल्या शहरातील क्षेत्रीय शिक्षण संस्थेत महाराष्ट्र व गोव्याचे शिक्षकही प्रशिक्षणासाठी येतात. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी विचारतो, की अहवालावर चाचणीची आवृत्ती, तिच्या मानकांचे साल आणि ती कोणत्या भाषेत घेतली हे लिहिलेले असते का? बहुतेकांचे उत्तर नाही असेच येते. त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या अहवालावरही नव्हते. शिक्षिकेने पालकांना बरोबर घेऊन फेरचाचणीचा अर्ज केला. अर्जात तिने एकच वाक्य लिहिले होते : परीक्षक उर्दू जाणणारा असावा.