ख्रिस्ती ऐक्य (मराठी मंडळ्यांतील)

ख्रिस्ती ऐक्य : निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी, तसेच एकाच स्थानिक मंडळीतील सभासदांनी, मतभेद असूनही एका श्रद्धेत, एका बाप्तिस्म्यात आणि एका प्रभुभोजनात टिकून राहणे. महाराष्ट्रात या संज्ञेला दोन बाजू आहेत. एक, मिशनांनी स्थापन केलेल्या वेगवेगळ्या चर्चसंस्थांचे एकीकरण. दुसरी, गावातील मंडळीत गट पडू न देणे. उदगीरसारख्या सीमेवरच्या तालुक्यात या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

शास्त्राधार : योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या अनुयायांच्या एकीसाठी प्रार्थना करतो. जगाने विश्वास ठेवावा, हा त्या एकीचा हेतू तेथे सांगितला आहे. फुटीचे सर्वांत सविस्तर वर्णन मात्र करिंथच्या मंडळीचे आहे. तेथे पौल, अपुल्लोस, केफा आणि ख्रिस्त अशा चार नावांनी गट पडले होते. प्रभुभोजनाला जमल्यावर सुखवस्तू माणसे आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. आपसातले तंटे सरकारी न्यायासनापुढे नेले जात. पौलाने पहिल्या पत्रात या तिन्ही गोष्टींचा स्पष्ट शब्दांत समाचार घेतला आहे. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी नुसता उपदेश केला नाही, तर वाटपाच्या कामावर सात माणसे नेमली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांच्या हाती कारभार देऊन तंटा मिटवल्याचे हे जुने उदाहरण होय.

उदगीर व सीमाभाग : उदगीर तालुका हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेला. मिशनांच्या काळात मात्र प्रदेशांची वाटणी वेगळी होती. एकमेकांच्या क्षेत्रात काम करायचे नाही, असा प्रॉटेस्टंट मिशनांचा आपसातला समझोता होता. त्यानुसार अहमदनगर व सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, औरंगाबाद चर्च मिशनरी सोसायटीकडे, जालना स्कॉटिश फ्री चर्चकडे आणि बीदर मेथडिस्टांकडे गेले. जालन्यात नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, ती याच काळात. परिणाम असा की कोण काँग्रिगेशनल, कोण अँग्लिकन आणि कोण मेथडिस्ट, हे बहुधा माणसाच्या निवडीवर नव्हे, त्याच्या गावावर ठरले. सोयरीक आणि नोकरी यांमुळे कुटुंबे एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेली तेव्हा कोणत्या मंडळीत नाव नोंदवायचे, हा प्रश्न उभा राहिला. आजही नांदेडला लागून असलेला निजामाबाद चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मेदक धर्मप्रांतात, बीदरचा भाग मुख्यतः मेथडिस्टांकडे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा धर्मप्रांत वेगळा, अशी विभागणी आहे. रोमन कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला.

एकीकरणाचे प्रयत्न : १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे व्ही. एस. अझरय्या आदी धर्मसेवकांनी काढलेल्या निवेदनाने चर्चएकीकरणाच्या चळवळीला दिशा दिली. पाश्चात्त्य इतिहासातून आलेले भेद भारतीय ख्रिस्ती लोकांवर लादलेले आहेत, ही त्यामागची भूमिका होती. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया अस्तित्वात आले. उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ पासून चार दशके चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्थांचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या सहांमध्ये अँग्लिकन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च यांचा समावेश होता. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. बिशप, वडीलमंडळ आणि सभासदांची सभा या तिन्ही परंपरांना कारभारात जागा मिळाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटींत होते, परंतु शेवटच्या टप्प्यावर ते बाहेर राहिले. १९८१ मध्ये त्यांचे स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले. बीदरकडून उदगीरकडे येणारी मिशनची जुनी हद्द त्यामुळे पुसली गेली नाही.

मराठी वाट : संस्थांच्या ठरावांआधीच मराठी ख्रिस्ती समाजात ऐक्याची एक वेगळी वाट निघाली होती. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून त्यात एकत्र बसू शकत. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून रुजला नाही. त्यांची पदे मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून पंथापंथांत पोहोचली. चर्चची पाटी वेगळी असली तरी रविवारी गायली जाणारी गीते बरीचशी सारखी असतात. अभंग आणि कीर्तन यांचा वाटाही यात मोठा आहे.

फुटीची कारणे : मराठी मंडळ्यांत तंटा सिद्धांतावरून क्वचित पेटतो. तो पेटतो पाळकांच्या बदलीवरून, पंच कमिटीच्या निवडणुकीवरून, चर्चच्या जागेवरून आणि दुकानगाळ्यांच्या भाड्यावरून. त्यात भावकी आणि पूर्वाश्रमीची जात मिसळली की गट पक्के होतात. अलीकडे स्वतंत्र प्रार्थनासभांकडे वळणाऱ्या तरुणांमुळेही जुन्या मंडळ्यांत कुरबुर होते. बहुतेक चर्चमालमत्ता सार्वजनिक न्यासाच्या नावे असल्याने भांडणाचा शेवट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतो. विश्वस्त बदलले की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत फेरबदल अर्ज द्यावा लागतो. एकाच मंडळीतून दोन गटांचे दोन अर्ज दाखल झाले की फूट कागदावर येते. गुजरातमधील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की चर्चने एकीकरणाचा ठराव केला म्हणून न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. त्यासाठी न्यासकायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे १९७० चे ऐक्य श्रद्धेच्या पातळीवर झाले, तरी त्याचा मालमत्तेचा हिशेब चार दशकांनंतरही चालूच होता.

फूट टाळण्याची रीत : मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे. आधी दोघांनी एकांतात बोलावे, मग एकदोन साक्षीदार न्यावेत, शेवटी मंडळीपुढे ठेवावे. व्यवहारात हा क्रम उलटा होतो. गोष्ट आधी उपासनेनंतरच्या घोळक्यात पोहोचते. फिलिप्पैच्या पत्रात पौल युवदीया व सुंतुखे या दोघींना नावे घेऊन एकचित्त होण्याची विनंती करतो आणि त्यांना साहाय्य करण्याचे काम तिसऱ्या सहकाऱ्यावर सोपवतो. या मध्यस्थाची जागा पूर्वी मंडळीतले वडील घेत. पंथापंथांत जवळीक ठेवण्यासाठी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्य प्रार्थना सप्ताह आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांच्या पुढाकाराने होणारा जागतिक प्रार्थना दिन हे दोन प्रसंग उपयोगी पडतात.

मूल्यमापन : नागपूरचे एकीकरण हे मराठी भूमीवर घडलेले ख्रिस्ती ऐक्याचे सर्वांत मोठे पाऊल होय. मात्र त्याने चर्चसंस्थांची संख्या कमी केली. गावातील गट मिटवणे हे त्याचे कामच नव्हते. ते काम सभासदांची खरी यादी, वेळेवर निवडणूक, दरवर्षी मंडळीपुढे वाचला जाणारा जमाखर्च आणि सर्वांसाठी एकच प्रभुभोजनाचे मेज यांवर अवलंबून आहे. यांतली एक गोष्ट जरी सुटली, तरी वरच्या पातळीवरचे ऐक्य खालच्या फुटीला अडवू शकत नाही.