दोन मुक्कामांमधली वाट

'सफारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केनिया-टांझानिया येतं. उघडी जीप, गवतात पसरलेला सिंह, एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर नेणारं छोटं विमान. शब्द मात्र आपल्या घरातलाच आहे. मूळ अरबी 'सफर'. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत 'सफारी' झाला. अर्थ दोन्हीकडे एकच, प्रवास. 1909 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिकडे शिकारीला गेले, तेव्हा त्यांचं सामान शेकडो हमाल वाहत होते.

त्याच्या ऐंशीहून जास्त वर्षं आधी असेच तंबू खानदेशात पडत होते.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. लढाया, लुटालूट आणि दुष्काळाने प्रांत उजाड झाला होता. शेतं पडीक, पडीक रानात झाडोरा आणि झाडोऱ्यात वाघ. 1880च्या खानदेश गॅझेटियरनुसार, 1822च्या मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांत जंगली जनावरांनी 500 माणसं आणि 20,000 गुरं मारली. कंपनीला आणखी एक धास्ती होती, डोंगरातल्या भिल्लांची. फौजा पाठवूनही ते हाती येईनात.

1825 मध्ये जेम्स आउट्रम या 22 वर्षांच्या लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभारायला पाठवलं गेलं. ठाणं होतं धरणगाव, आजच्या जळगाव जिल्ह्यातलं. पण पलटणीची खरी सुरुवात जंगलात झाली. आउट्रम पहारा न ठेवता भिल्लांमध्ये राहिला, त्यांना दारू पाजली, त्यांच्यासोबत शिकारी केल्या. वाघासमोर न डगमगणारा साहेब त्यांना भावला. शिकार हा इथे नुसता शौक नव्हता, तो राज्य बसवण्याचा एक मार्ग होता.

त्या काळात साहेब लोकांचा दौरा म्हणजे फिरतं गाव. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा रातोरात बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी निघे. सकाळी साहेब घोड्यावरून पोचायचा, तोवर तंबू ताणलेला आणि चूल पेटलेली. चारा, सरपण, दूध, कोंबड्या हा सगळा भार वाटेवरच्या गावांवर.

या दोन मुक्कामांमधली वाट कुणाला ठाऊक होती? उन्हाळ्यात नाले आटले की कुठल्या डोहात पाणी उरतं, ओल्या वाळूतला पंजा रात्रीचा की पहाटेचा, हाका कुठून सुरू करायचा, हे भिल्लांना माहीत होतं. यातले कितीतरी जण वाघदेवाला पुजणारे. ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याचाच माग साहेबाला काढून द्यायचा.

1825 ते 1834 या काळात आउट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या जनावरांची यादी त्याच्या चरित्रात आहे: 235 वाघ, 25 अस्वलं, 16 बिबटे. आउट्रम पुढे 'सर' झाला. वाघ मोजले गेले, पण माग काढणाऱ्यांची यादी कुणी केली नाही.

खानदेशच्या दक्षिण सीमेवर हेच आधी एकदा घडलं होतं. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. वाट एका गुराखी पोराने दाखवली असं सांगतात. त्या पोराचं नाव कुठल्याच खांबावर नाही.

शतक संपायच्या आतच खानदेशच्या सपाटीवरचे वाघ संपले. उरले ते मुख्यतः सातपुड्यात. त्याच रानात 1969 मध्ये यावल अभयारण्य झालं. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलात आजही वाघ आहेत. केळीच्या बागा जिथे संपतात, तिथून त्यांची हद्द सुरू होते.

आता बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण पुढे बसून माग दाखवणारा बहुतेक वेळा स्थानिकच असतो. सफारीवरून परतल्यावर आपण वाघाचा फोटो टाकतो, काही वाघांची तर नावंही आपल्याला पाठ असतात. पुढच्या वेळी फोटोखाली वाट दाखवणाऱ्याचंही नाव लिहूया, अर्थात त्याला विचारून.