चाळिशीतले धाडस: फाळक्यांचा हिशेब

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपण एकाच चालीवर सांगत आलो आहोत. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला, वेड लागले आणि या माणसाने सर्वस्व पणाला लावले. पंचेचाळिशीत नोकरी सोडावी की नाही, या घालमेलीत मी हे चरित्र पुन्हा वाचले, तेव्हा मला वेडाइतकाच हिशेबही दिसला.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके चाळिशीला आले, तेव्हा भागीदारांशी बिनसून छापखान्यातून बाहेर पडले होते. म्हणजे चालता धंदा त्यांनी चित्रपटासाठी सोडला नव्हता. शिवाय जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षण, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग ही शिदोरी जवळ होती. व्यवसाय नवा, पण हात सरावलेले.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला. परतल्यावर मात्र त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत त्याची वाढ पडद्यावर आणली. हा छोटा पट दाखवून त्यांनी कर्ज उभे केले. मोठ्या जोखमीआधी घेतलेली ही लहान परीक्षा मला फार मोलाची वाटते.

या हिशेबातली एक रक्कम आपण नेहमी खाली लिहितो. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याशिवाय फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांनीच निभावले. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला, त्यात त्यांचेही भांडवल होते.

यश आले म्हणून जोखीम संपली नाही. पुढे पुन्हा भागीदारी झाली, पुन्हा मतभेद झाले. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९४४ साली नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसे काही उरले नव्हते. तेव्हा हिशेब केला की धोका टळतो, असे हे चरित्र सांगत नाही. आपण काय गमावू शकतो आणि आपल्याबरोबर कोण गमावणार आहे, एवढे ते आधी कळवते.

माझा राजीनामा लिहून तयार आहे. तो देण्याआधी पत्नीसमोर ठेवणार आहे.